दशरथ घाडीची तेविसावी सूचना

मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या गल्लीत रवळनाथ कृपा नावाची चार मजली सोसायटी आहे. दोन वर्षांमागे तिथे एक बातमी जिन्याजिन्याने फिरत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दशरथ घाडीने म्हणे मुलगी देताना सासरच्यांकडून पाचशेच्या स्टँपपेपरवर लिहून घेतलं, की एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही. सांगणारा आधी इकडे तिकडे बघायचा, मग आवाज उतरवायचा, आणि इतक्या हळू बोलायचा की गेटवरच्या वॉचमनलाही नीट ऐकू जावं. कोणी म्हणे नोटरीसुद्धा झाली. कोणी म्हणे वॉरंटी एक वर्षाची ठरली, पण स्वयंपाकाचा भाग तीत येत नाही. तळमजल्यावरच्या नीलमताईंनी तर सह्या होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नीलमताईंचे डोळे म्हणजे सोसायटीचा सीसीटीव्हीच, फरक इतकाच की सीसीटीव्ही अधूनमधून बंद पडतो.

लोकांनी विश्वास ठेवला यात लोकांचा काही दोष नाही. माणूसच तसा होता.

दशरथ अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला. कंपनी इस्त्री, मिक्सर, विजेची केटली आणि घडीची शिडी बनवते. तिचं नाव इथे न आलेलं बरं. नोटीस येण्याची भीती आणि नोटीस पाठवण्याची हौस, दोन्ही तिला सारख्याच. दशरथ तिथे पॅकिंगला लागला तेव्हा मिक्सरच्या खोक्यात एक चिठ्ठी जायची. तिच्यावर तीनच ओळी: प्लग लावा, बटण फिरवा, झाल्यावर धुऊन ठेवा. तेवढ्यावर लोकांनी वर्षानुवर्षं चटण्या वाटल्या आणि दहाही बोटं शाबूत ठेवून म्हातारे झाले.

मग कोल्हापूरकडच्या एका नवरदेवाने घोळ घातला. वरातीची घाई, नव्या कुर्त्याला सुरकुती. पठ्ठ्याने कुर्ता न काढताच त्याच्यावर इस्त्री फिरवली. पोटावर होडीच्या आकाराचा चट्टा उठला आणि मुहूर्त टळला. मुलीकडच्यांनी ऐकवायचं ते ऐकवलं, तेव्हा ह्याने सगळा राग कंपनीवर काढला. ग्राहक मंचात दावा टाकला: अंगातल्या कपड्याला इस्त्री करू नये असं तुमच्या पुस्तिकेत कुठे लिहिलंय? कुठेच लिहिलं नव्हतं. ते लिहावं असं कंपनीतल्या एकाही माणसाला आजवर वाटलं नव्हतं, आणि नेमका हाच हलगर्जीपणा ठरतो की काय, या विचाराने मोठ्या साहेबांनी चेकबुक काढलं. बाहेरच्या बाहेर तडजोड झाली. पुढच्याच महिन्यात कायद्याचं बघायला निधी सामंत नावाची चुणचुणीत मुलगी नेमली गेली.

निधीने पहिल्याच दिवशी सगळ्या इंजिनियरांना बसवलं आणि विचारलं, इस्त्रीने काय काय होऊ शकतं? इंजिनियरांनी बराच विचार करून सांगितलं, शॉक बसू शकतो आणि चटका बसू शकतो. मागे खोकी रचत असलेल्या दशरथला राहवलं नाही. तो म्हणाला, कोणी ओल्या हाताने धरील. कोणी चालू ठेवून दार उघडायला जाईल, दारात शेजारीण असेल, म्हणजे तास गेला. कोणी नवऱ्यावर फेकील. कोणी तिच्यावर पापड भाजील, कोणी उलटी मांडून दूध तापवील, कोणी पाहुण्याला कपडे वाळवायला देईल आणि पाहुणा पायमोज्यासकट... तो थांबेचना. निधी आधी हसत होती, मग लिहून घ्यायला लागली.

“काका, हे तुम्ही शिकलात कुठे?”

शिकायचं काय त्यात. घाडी म्हणजे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणारं घराणं. कोकणात नारळ हातात घेऊन देवापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला सगळ्या संभाव्य संकटांची यादी देतात. कोणी वाईट चिंतलं असेल, कोणी आडवा पाय घातला असेल, कोणी पाठीमागे बोललं असेल, ते सगळं दूर कर रे म्हाराजा. आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा. दशरथचे वडील सीताराम घाडी लालबागच्या गिरणीत होते, पण गणपतीत बोलवणं यायचं ते त्यांनाच. त्यांनी पोराला एकच शिकवण दिली होती: देवाला पळवाट ठेवायची नाही. जे संकट नाव घेऊन सांगितलं नाही, त्याची जबाबदारी देव घेत नाही. सीताराम वारले, गिरणी गेली, आणि हे शिक्षण तीस वर्षं दशरथच्या पोटात नुसतं पडून होतं. निधी सामंतने ते बाहेर काढलं.

दशरथला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, आणि दारावर पाटी लागली, ‘सूचना विभाग’. विभागात तो एकटाच. वर्षभरात मिक्सरची पुस्तिका इतकी जाड झाली की खोकं मोठं करावं लागलं. मिक्सर चालू असताना आत काय चाललंय ते बोट घालून पाहू नये. भांड्यात पाळीव प्राणी ठेवू नयेत. शिडीची शेवटची पायरी संपल्यावर पुढे पायरी नाही, याची नोंद घ्यावी. शिडीवर उभं राहून शिडी हलवू नये. हा माल दशरथच्या हातचा, आणि त्याचा त्याला अभिमानही होता; नातेवाइकांकडे गेला की आधी त्यांच्या मिक्सरची पुस्तिका मागायचा.

एक गंमत मात्र झाली. इस्त्रीवर पापड भाजू नयेत असं छापल्यावर पापडाचे डाग पडलेल्या इस्त्र्या दुरुस्तीला यायला लागल्या. आधी कोणाच्या डोक्यातही नव्हतं. वाचलं आणि करून बघितलं. निधीने यावर उपाय काढला, की आणखी एक सूचना छापावी: वरील सूचना वाचून तसं करून पाहू नये.

घरी हे सगळं यायचंच. तुळशीच्या कुंडीवर ‘कडेला बसू नये’. दाराच्या उंबऱ्यावर ‘उंबरा आहे’. गॅसजवळ एक कागद होता, पण तो वाचायला जवळ गेलं की ज्योतीजवळ चेहरा जायचा, म्हणून दशरथने खाली दुसरा लावला, ‘वरचा कागद गॅस चालू असताना वाचू नये’. बायको सुलक्षणा हे सगळं बरीच वर्षं बघत होती. ती एकदा नीलमताईंना म्हणाली, आमच्या ह्यांनी लग्नाच्या वेळी स्वतःवर एक चिठ्ठी चिकटवली असती तर बरं झालं असतं. हे वाक्य संध्याकाळपर्यंत चारी मजल्यांवर पोचलं, यात नवल नाही.

मग कंपनीने नवी केटली काढली. दिसायला झकास. फक्त ओतायला वाकवली की झाकण निसटायचं, आणि उकळतं पाणी ओतणाऱ्याच्याच हातावर यायचं. साचा बदलायचा तर चार महिने हवेत आणि दिवाळी तर तोंडावर. मोठ्या साहेबांनी दशरथला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणाले, झाकणाबद्दल लिहू नका घाडी, झाकणाबद्दल लिहिलं की झाकणात दोष आहे हे कबूल केल्यासारखं होतं. काहीतरी सर्वसाधारण लिहा. दशरथने लिहिलं, ‘पाणी गरम असताना केटली तिरकी करू नये.’ बाविसावी सूचना होती केटलीत मासे उकडू नयेत, आणि चोविसावी केटलीवर बसू नये. त्यांच्या मधोमध तेविसाव्या जागी ही बसवून दिली. जत्रेच्या गर्दीत पाकीटमार शिरतो तशी ती तिथे शिरली आणि कोणाच्या नजरेत आली नाही.

डिसेंबरात घाटकोपरहून सुंदराबाई साळवे नावाच्या बाई आल्या. सत्तरी गाठलेली, मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी, पिशवीत केटली. गेटवाल्याने त्यांना सूचना विभागात पाठवलं. दशरथने सवयीने पुस्तिका उघडली आणि तेविसाव्या ओळीवर बोट ठेवून त्यांच्यापुढे सरकवली. बाईंनी चष्मा लावला. एकेक अक्षर लावत वाचलं.

“वाचलं बाळा,” त्या म्हणाल्या. “मग पाणी काढायचं कसं?”

आयुष्यात हजार संकटांची नावं घेतलेल्या दशरथने पुस्तिका पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. बाई रागावल्या नव्हत्या. कोर्टाचे जिने चढायला गुडघे राजी नाहीत, असं त्यांनी सांगितलं. फक्त जाताना म्हणाल्या, “यावरून तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं असं दिसतंय.” केटली त्यांनी टेबलावर ठेवली. घरात आणखी कोणाच्या हातावर सांडायला नको म्हणून.

त्या दिवसापासून दशरथ चहाच पिईनासा झाला. सुलक्षणाला वाटलं ॲसिडिटी.

आणि अशातच मुलीचं लग्न जमलं. दीप्ती अठ्ठावीस वर्षांची, अंधेरीला एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला. मुलगा निलेश गावडे, मेट्रोच्या स्टेशनवर नोकरीला. दोघांनी परस्पर जमवलं होतं. निलेशला वडील नाहीत. आई रुक्मिणीबाई बोरिवलीच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. सही घेतल्याशिवाय आयुष्यात त्यांनी एक रजिस्टर पाकीट सोडलं नव्हतं. दोन्ही घरं कोकणातली, दोन्हींना मुलगा-मुलगी पसंत. अडचण एकच होती आणि ती बोलायची नव्हती.

दीप्तीला नवव्या वर्षी फिट आली होती. पुढे आणखी तीनदा. सतराव्या वर्षापर्यंत गोळ्या चालल्या, मग डॉक्टरांनी बंद केल्या. अकरा वर्षांत पुन्हा काही नाही. निलेशला दीप्तीने पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, मनोरीला जाताना, फेरीबोटीत. तो म्हणाला होता, बरं. पण आईला सांगायची त्याची छाती होईना. लग्नानंतर सांगू, आता उगाच टेन्शन कशाला, असं त्याचं म्हणणं. सुलक्षणाचंही तेच. तिने तर फर्मानच काढलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तुमी तर तोंडच उघडू नका.

दीप्तीने दोघांशी वाद घातला, हरली, आणि बापाकडे आली.

“बाबा, तुम्ही काडेपेटीवरसुद्धा ‘आग लागू शकते’ लिहाल,” ती म्हणाली. “माझ्याबद्दल तेवढं तरी खरं सांगा ना. निदान तुमच्या मिक्सरइतकं.”

दशरथला मिक्सर आठवला नाही, केटली आठवली. लग्न मोडलं तर पोरीचं काय, आणि न सांगता झालं तर पोरीचं काय, ह्या दोन्हींच्या मधोमध तो साखरपुड्यापर्यंत बसून राहिला.

साखरपुडा मुलुंडच्या एका हॉलमध्ये. चाळीसेक माणसं. कंपनीतून निधी आली होती, तिला गाऱ्हाणं प्रत्यक्ष ऐकायचं होतं आणि मोबाईलवर घ्यायचंही होतं. नीलमताई पहिल्या रांगेत. घरात घाडी असल्यावर गाऱ्हाणं दुसऱ्या कोणी घालायचा प्रश्नच नव्हता. सुलक्षणाने मात्र सकाळीच बजावलं होतं, पाच वाक्यांत आटपा. सहावं ऐकू आलं तर मी माईक काढून घेईन.

दशरथने नारळ धरला आणि सुरुवात केली. बा देवा रवळनाथा, ह्या दोन घराण्यांनी आज सोयरीक जुळवली हा, ती मान्य करून घे रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. कोणी वाकडी नजर टाकली असात, तर तेची नजर तेकाच लागू दे रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. पाच वाक्यं झाली. सुलक्षणा उठायला लागली. पण सवय ती सवय. देवाला पळवाट ठेवायची नाही.

आमचा चेडू, ही दीप्ती, सकाळच्या चायआधी बोलणा नाय, तेचो कोणी राग मानू नये रे म्हाराजा. हॉल हसला आणि म्हणाला, व्हय म्हाराजा. तापला तर थंड होवक येळ द्यावो, सारखा झाकण उघडून बघू नये रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. ओढाताण करू नये, एका येळी दोघांनी हाक मारू नये, सुट्टीच्या दिवशी धा वाजल्याआधी चालू करूचो प्रयत्न करू नये. व्हय म्हाराजा. दीप्तीने कपाळाला हात लावला, पण तीही हसत होती. मुलाकडच्या म्हाताऱ्या खुर्चीत पुढे सरकून ओरडत होत्या. सुलक्षणा परत बसली. इतकं रंगलेलं गाऱ्हाणं मुलुंडने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

आणि त्याच भरात, त्याच सुरात, श्वास न घेता दशरथ म्हणून गेला: “लहानपणी चेडवाक चार येळा फिट इली, ती पुरी बरी झाली, ताही गोड मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” हॉल म्हणाला.

कोणालाही कळलं नाही. म्हणजे चार जणांना कळलं. सुलक्षणा खुर्चीत मागे टेकली. सांगूनही झालं आणि लग्नही वाचलं, ह्या नवऱ्याला इतकी अक्कल असेल असं तिला वाटलं नव्हतं. निलेशने घाम पुसला. शब्द न शब्द कान देऊन ऐकणाऱ्या निधीने मागून अंगठा वर केला. माहिती दिली गेली, चाळीस साक्षीदारांसमक्ष स्वीकारली गेली, आणि वर रेकॉर्डिंग. ह्यापेक्षा चोख काम तिनेही केलं नसतं. दीप्ती मात्र हसायची थांबली होती.

दशरथने रुक्मिणीबाईंकडे पाहिलं. त्या मांडीवरच्या ताटातली ओटी सारखी करत होत्या, आणि तोंडाने व्हय म्हाराजा चालू होतं. त्याला घाटकोपरच्या बाईंचा चष्मा दिसला. बाविसावी मासे उकडू नयेत, चोविसावी वर बसू नये.

त्याने नारळ खाली ठेवला. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडून नारळ खाली ठेवणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मागच्या रांगेत कोणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. तो रुक्मिणीबाईंच्या खुर्चीसमोर खाली बसला आणि ज्या आवाजात आपण भाजीचा भाव विचारतो त्या आवाजात बोलला.

“वहिनी, मी आता जे घाईत म्हटलं ते तुम्ही ऐकलं नाहीत. दीप्तीला लहानपणी फिट्स यायच्या. चारदा आल्या. अकरा वर्षं झाली, गोळ्या बंद आहेत, काही त्रास नाही. पण पुन्हा येणारच नाही असं डॉक्टरने लिहून दिलेलं नाही.”

रुक्मिणीबाईंचा हात ताटावर थांबला. त्या दीप्तीकडे बघत राहिल्या, मग मुलाकडे वळल्या.

“तुका म्हायत होता?”

निलेश आपल्या नव्या बुटांकडे बघत म्हणाला, हो.

“आठ दिवस द्या भाऊ मला,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. साखरपुडा थांबला. अन्नावर राग नको म्हणून पाहुणे जेवले. चाळीस माणसं बटाट्याची भाजी इतक्या शांतपणे जेवताना हॉलवाल्याने पहिल्यांदाच पाहिली असतील.

ते आठ दिवस सोसायटीला पुरले. दूध टाकणाऱ्याला पहिल्या मजल्यावर बातमी मिळायची आणि चौथ्यापर्यंत तो स्वतःच ती सांगायला लागायचा. घरात सुलक्षणा नवऱ्याशी बोलायची बंद झाली, फक्त सूचना द्यायची: पाणी तापलंय, डबा भरलाय. दीप्ती रोज कामावर जायची आणि फोन टेबलावर पालथा ठेवायची.

निधीने दशरथला बाजूला घेऊन धीर दिला. काका, ते मागे हटले तरी व्हिडिओ आहे आपल्याकडे, त्यांनी आधीच स्वीकारलंय, चाळीस आवाज आहेत त्यात.

“मॅडम, त्यांनी व्हय म्हटलं,” दशरथ म्हणाला. “ऐकलं नाही. तो व्हिडिओ पुसून टाका.”

त्याच आठवड्यात त्याने केटलीची पुस्तिका काढून तेविसावी ओळ खोडली आणि सगळ्यांच्या वर, मोठ्या टायपात लिहिलं: ‘या केटलीचं झाकण ओतताना निसटतं. हात भाजतो. केटली वापरू नका, दुकानात परत द्या.’ निधीने ते वाचलं आणि सही केली. पुस्तिका छापून गेल्या. शनिवारपर्यंत केटल्या परत यायला लागल्या आणि सोमवारी दशरथ पॅकिंगला परत गेला. दारावरची पाटी काढताना साहेबांनी तिच्या जागी दुसरी लावली, ‘प्रवेश बंद’. आत काहीच नव्हतं. पण खबरदारी.

नवव्या दिवशी दुपारी रुक्मिणीबाई एकट्याच आल्या. निलेशला आणलं नाही. दार दीप्तीने उघडलं. त्या आत येऊन बसल्या, पाणी प्यायल्या आणि थेट तिलाच विचारलं, आली तर करायचं काय?

दीप्तीने सांगितलं. कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवायचं. तोंडात चमचा, पाणी, काही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना. रुक्मिणीबाईंनी पर्समधून डायरी काढून ते उतरवून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. त्या घरात भिंतीभिंतीवर सूचना होत्या. कोणीतरी एखादी लिहून घेतल्याचं दशरथने पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्या खऱ्या मुद्द्यावर आल्या. आजाराचं त्यांना काही वाटत नव्हतं, पोस्टात शेजारच्या खिडकीवरच्या बाईंना तोच होता. भीती वेगळीच होती. उद्या घरात शब्दाला शब्द लागला आणि त्याच दिवशी हिला काही झालं, तर जग म्हणणार सासूने केलं. पोलीस दारात. पस्तीस वर्षांत त्यांना एक मेमो मिळाला नव्हता.

“म्हणून म्हणते भाऊ, लिखापढी करा. तुमचं काम आहे ना ते?”

त्याचंच काम होतं. त्याने दीप्तीच्या जुन्या वहीचं पान फाडलं आणि लिहायला बसला. मुलीकडच्यांनी हे सांगितलं आहे, मुलाकडच्यांना ते समजलं आहे, सासूने अमुक केल्यास, सुनेने तमुक न केल्यास, वादाच्या वेळी, वादानंतर, वाद नसताना. एकवीस कलमं झाली. त्याने ती मोठ्याने वाचली. मधेच त्याच्या लक्षात आलं की रुक्मिणीबाई प्रत्येक कलमाला मान हलवताहेत आणि त्यांचं लक्ष खिडकीबाहेर आहे. स्वयंपाकघराच्या दारात सुलक्षणा उभी होती. ती नऊ दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

“ह्या सगळ्यात आमची दीप्ती खय हा?”

दशरथने पान चुरगळून टाकलं. दुसरं घेतलं. ह्या वेळी वेळ लागला, कारण लिहायचं थोडं होतं. लिहून सही केली आणि आधी दीप्तीपुढे धरलं. तिने वाचलं आणि ती आत निघून गेली, नळ सोडल्याचा आवाज आला. मग कागद रुक्मिणीबाईंनी घेतला. दोनदा वाचला. म्हणाल्या, मी एकोणिसाव्या वर्षी बॅग घेऊन माहेरी गेले होते. माझ्या बापाने आतूनच विचारलं, का आलीस. दार उघडायच्या आधी. एवढं बोलून त्यांनी पेन मागितलं.

नीलमताई नेमक्या तेव्हाच वाटी परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांना दिसलं ते इतकं: टेबलावर कागद, खुर्चीत नवऱ्या मुलाची आई, तिच्या हातात पेन, समोर हात बांधून दशरथ घाडी. वाटी हातातच ठेवून त्या उलट पावली जिना उतरल्या. पहिल्या मजल्यापर्यंत कागदाचा स्टँपपेपर झाला होता, तळमजल्यावर नोटरी लागली. लग्न फेब्रुवारीत झालं. गाऱ्हाणं दशरथनेच घातलं, पाच वाक्यांत.

स्टँपपेपर नव्हता, नोटरीही नव्हती. वहीच्या पानावर एक ओळ होती: दीप्तीला सासरहून कधीही घरी परत येता येईल, कारण विचारलं जाणार नाही. खाली दशरथची सही होती. साक्षीदार म्हणून रुक्मिणीबाईंची.